शब्द एकाचे, आवाज दुसऱ्याचा : हावड्याचे राम बसू आणि बंगालचं कविगान



मुंबई, पुणे, नागपूरकडून कोलकात्याला रेल्वेने जाणारा मराठी माणूस बहुतेक वेळा हावड्याला उतरतो. गीतांजली असो, हावडा मेल असो, नाहीतर पुण्याहून सुटणारी आझाद हिंद असो. आपण स्टेशनाबाहेर येतो, समोर गंगा दिसते, तो प्रचंड पोलादी पूल दिसतो, टॅक्सी पकडतो आणि पूल ओलांडून कोलकात्यात निघून जातो. हावडा मागेच राहतो. आजच्या भागात आपण पूल ओलांडायचा नाही. स्टेशनाच्या उत्तरेला सालकिया नावाची वस्ती आहे, तिथे जायचं.

आज सालकिया म्हणजे हावडा शहराचा दाट भाग. कारखाने, गोदामं, अरुंद रस्ते आणि नदीकाठी बांधाघाट. या घाटावरून समोरच्या कोलकात्यातल्या अहिरीटोला घाटाकडे फेरीबोट जाते. सव्वादोनशे वर्षांपूर्वी इथे पूल नव्हता, स्टेशन नव्हतं. पहिली आगगाडी १८५४ सालची, होड्यांवर तरंगणारा पहिला पूल १८७४ चा आणि आजचा पूल १९४३ चा. त्याआधी हे गंगेच्या पश्चिम काठावरचं एक गाव होतं आणि कोलकात्याला जायचं म्हणजे नावेत बसायचं. या गावात १७८६ साली राम बसू यांचा जन्म झाला. ते कवी होते, पण त्यांची कविता पोथीत लिहिली जात नव्हती. ती रात्री उभं राहून, ढोलाच्या ठेक्यावर, हजारो लोकांसमोर गायली जायची. सुरुवातीची बरीच वर्षं ती गायची दुसऱ्याच कोणीतरी. आजचा विषय आहे तो हाच. गाणं लोकांच्या तोंडी राहतं, गाणारा लक्षात राहतो, आणि शब्द रचणाऱ्याचं काय होतं?

कविगान म्हणजे काय?

मराठी माणसाला हे समजावून सांगणं सोपं आहे, कारण आपल्याकडे कलगी-तुरा आहे. दोन फड समोरासमोर उभे राहतात. एक शक्तीला थोर मानणारा कलगीवाला, दुसरा शिवाला थोर मानणारा तुरेवाला. एकाने कवनातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने कवनातूनच जवाब द्यायचा. जवाब सुचला नाही की हार. पहाटेपर्यंत हा सामना चालायचा.

बंगालचं कविगान असंच. फडाला तिथे ‘दल’ म्हणतात आणि जिथे सामना होतो त्या जागेला ‘आसर’. आसर म्हणजे नाट्यगृह नव्हे. एखाद्या श्रीमंताच्या वाड्याचं अंगण, देवळापुढचा चौक, जत्रेतलं मैदान. पडदा नाही, सजावट नाही. मधे गाणारे, भोवती लोक. हेच त्या काळच्या बंगालचं गावोगावचं, गल्लीबोळातलं छोटं थिएटर.

दलाचा प्रमुख म्हणजे कवियाल; त्याला कविवाला किंवा सरकार असंही म्हणत. त्याच्या मागे ओळ उचलून धरणारे असतात, ते ‘दोहार’, आपले झीलकरी. ढोल वाजवणारा ‘ढुली’. ढोलाबरोबर काशाची थाळी वाजते. एका दलाने घातलेल्या कोड्याला ‘चापान’ म्हणतात आणि दुसऱ्याने दिलेल्या उत्तराला ‘उतोर’. नावं वेगळी, पण तमाशाच्या फडात वावरलेल्या माणसाला यात परकं काही वाटणार नाही.

कार्यक्रमाचा क्रमही पाहा. आपल्याकडे आधी गण, मग गौळण, मग लावणी. कविगानात सुरुवातीला देवदेवतांची वंदना आणि देवीची गाणी. त्यानंतर ‘सखी-संवाद’, म्हणजे राधा, तिच्या सख्या आणि कृष्ण यांची बोलणी. आपली गौळणच म्हणा. मग ‘विरह’, म्हणजे दूर गेलेल्या प्रियकराची किंवा नवऱ्याची गाणी. आणि रात्र चढली, श्रोते तापले की शेवटी ‘खेउड’, म्हणजे एकमेकांची उणीदुणी काढणारी, बऱ्याचदा पातळी सोडणारी चढाओढ. देवापासून सुरुवात करून माणसाच्या भांडणापर्यंत यायचं, हा प्रवास दोन्हीकडे सारखाच आहे.

काळही जवळजवळ एकच. इकडे उत्तर पेशवाईत अनंत फंदी, राम जोशी, होनाजी, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ रचत-गात होते, तिकडे त्याच सुमाराला हरू ठाकूर, नित्यानंद वैरागी, राम बसू, भोला मयरा, अँटनी फिरंगी. दोन्हीकडे जातीपातीच्या भिंती याच अंगणात थोड्या खाली आल्या. सोलापूरचे राम जोशी ब्राह्मण घरातले आणि संस्कृतात तयार, तरी डफ-तुणतुण्याच्या संगतीत रमले. कोलकात्याचे हरू ठाकूरही ब्राह्मण, पण कवीच्या दलात उभे राहिले. इकडे होनाजी गवळी समाजातले, तिकडे भोला मिठाई करणारे. ‘मयरा’ म्हणजेच हलवाई.

हे सगळं पोसलं कोणी? आपल्याकडे पेशव्यांचा आणि सरदारांचा आश्रय होता. बंगालमध्ये तोपर्यंत नवाबी मावळली होती. कंपनी सरकारच्या व्यापारातून आणि जमीनदारीतून नवे धनिक तयार झाले होते. शोभाबाजारचे राजा नवकृष्ण देव हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. दुर्गापूजेच्या रात्री त्यांच्यासारख्यांच्या अंगणात कवीचे सामने लागायचे. हरू ठाकुरांबद्दल एक गोष्ट सांगतात. नवकृष्णांनी त्यांच्या गाण्यावर खूश होऊन शाल दिली, तेव्हा हरू ठाकुरांनी ती आपल्या ढोलवाल्याच्या डोक्यावर टाकली. ते हौसेने गात होते, बिदागीसाठी नव्हे, आणि बक्षीस त्यांना अपमान वाटला. गोष्टीत किती तथ्य आहे ते सोडून द्या. गाण्याचे पैसे घ्यावेत का, घेतले तर मान राहतो का, हा प्रश्न त्या माणसांना छळत होता एवढं तिच्यातून नक्की कळतं.

बांधनदार : पडद्यामागचा कवी

आता आपल्या मुख्य माणसाकडे येऊ. कवीच्या दलात आणखी एक जण असायचा. तो समोर गायचा नाही, बाजूला बसायचा. त्याला म्हणत ‘बांधनदार’, म्हणजे गाणं बांधणारा. दलाचा प्रमुख चांगला गाणारा असला तरी चांगला रचणारा असेलच असं नाही. मग तो बांधनदार ठेवायचा. समोरच्या दलाचा सवाल आला की याने उत्तर बांधायचं आणि गायकाच्या कानात घालायचं. टाळ्या गायकाला.

राम बसूंनी सुरुवात केली ती इथून. त्यांच्या लहानपणाबद्दल असं सांगतात की पाच वर्षांचं हे पोर पाठशाळेत केळीच्या पानावर पद्यं लिहायचं. पुढे त्यांना शिकायला नदीपलीकडे, कोलकात्याच्या जोडासाँको भागात नातेवाइकांकडे ठेवलं. सालकियाच्या घाटावरून नाव पकडायची आणि समोरच्या काठावर उतरायचं. अंतर थोडं, पण गावातून शहरात जाण्याचं. काही काळ त्यांनी कारकुनीही केली. पण मन गाण्यात. बारा वर्षांचे असताना त्यांची रचना भवानी बेने या कवियालाच्या हाती लागली आणि ती त्याने आपल्या दलात गायली, अशी आठवण सांगितली जाते. त्यानंतर भवानी बेने, नीलू ठाकूर, मोहन सरकार अशा वेगवेगळ्या दलांसाठी राम बसू गाणी बांधत राहिले. म्हणजे एकाच माणसाचे शब्द शहरातल्या अनेक दलांच्या तोंडून ऐकू यायचे. पुढे त्यांनी स्वतःचं दल काढलं आणि स्वतः आसरात उभे राहिले. १८२८ साली, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, ते गेले.

त्यांच्या नावावर एक मोठा बदल सांगितला जातो. आधीच्या काळात दोन्ही दलं सवाल-जवाब बऱ्याच अंशी आधीच ठरवून येत. कोणता विषय येणार हे माहीत असायचं, उत्तर घरी बांधून आणलेलं असायचं. समोरच्याचं ऐकून तिथल्या तिथे उत्तर रचून गायचं, ही रीत रुळवण्याचं श्रेय परंपरा राम बसूंना देते. यामागचं कारण शोधायला फार लांब जायला नको. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या कानात क्षणार्धात ओळी घालणारा माणूस स्वतः उभा राहिला, तर त्याला घरून बांधून आणण्याची गरज काय? बांधनदाराची बैठक हीच त्यांची तालीम होती.

यातून कविगानाचा खेळच बदलला. आधी लोक गाणं ऐकायला येत होते. आता ते सामना बघायला येऊ लागले. उत्तर सुचेल का, चुकेल का, ही धाकधूक त्यात आली. फायदा झाला तसा तोटाही झाला. तत्काळ रचलेल्या ओळीत चमक असते, पण घासूनपुसून आणलेली वीण नसते. पुढे कविगानावर जी टीका झाली तिचं एक मूळ इथे आहे.

विरहाचे राम बसू

पण राम बसूंचं नाव टिकलं ते सवाल-जवाबामुळे नव्हे, तर विरहाच्या गाण्यांमुळे. त्यांचं वेगळेपण इथे नीट समजून घेऊ.

बंगालमध्ये विरह म्हटला की राधा, हे शेकडो वर्षं ठरलेलं होतं. वैष्णव पदावलीची मोठी परंपरा पाठीशी होती. कृष्ण मथुरेला गेला, राधा मागे राहिली, आणि त्या दुःखाला भक्तीचं वलय. राम बसूंच्या विरहगीतांतली बाई बऱ्याचदा राधा नसते. ती कोणाच्या तरी घरातली सून आहे. तिचा नवरा परगावी निघाला आहे. जाऊ नका म्हणावं असं तिच्या मनात आहे, पण चारचौघांत, सासरच्या घरात, तोंड उघडायला लाज आडवी येते. तो निघून जातो आणि न बोललेलं वाक्य तिच्यापाशी राहतं. नवरा गेल्याचं दुःख आहेच, पण आपण बोललो नाही याचं दुःख त्याहून मोठं. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचा गाभा साधारण असा आहे.

मंडळी, हे ऐकताना आपल्याला कोकण आठवायला हवं. मुंबईच्या गिरणीत गेलेला नवरा आणि गावी राहिलेली बायको हे आपल्याकडे पुढे घराघरातलं चित्र झालं. राम बसूंच्या काळात कोलकाता वाढत होतं आणि कामधंद्यासाठी गाव सोडणारे पुरुष ही रोजची गोष्ट होत होती. ते स्वतः गाव सोडून शहरात आलेले. वाढणाऱ्या शहराची किंमत मागे राहिलेल्या बायका कशी मोजतात, हे त्यांच्या गाण्यांत उतरलं. त्यात देव मधे आणायची त्यांना गरज वाटली नाही.

त्यांची दुसरी ओळख म्हणजे ‘आगमनी’. दुर्गापूजेआधी उमा सासरहून माहेरी येते, तिची आई मेनका तिची वाट पाहत बसलेली असते, त्याची ही गाणी. लेक वर्षातून तीन दिवस येणार आणि पुन्हा कैलासाला जाणार. आपल्याकडे भाद्रपदात गौरी येतात, माहेरवाशिणीसारखं त्यांचं कौतुक होतं, आणि तिसऱ्या दिवशी निरोप देताना घरातल्या बायकांचे डोळे भरतात. आगमनी समजायला मराठी घराला यापेक्षा जास्त टीप लागत नाही. आगमनीतही राम बसूंनी देवीपेक्षा आईकडे जास्त पाहिलं.

या आसरात बायका नुसत्या गाण्याचा विषय नव्हत्या. यज्ञेश्वरी नावाची कवियाल बाई याच काळातली. नीलू ठाकूर आणि भोला मयरा यांच्या जमान्यात ती आसरात उभी राहून गायची. तिच्या नावावरची अगदी थोडी गाणी आज हाती आहेत, पण ती आहेत. पुरुष कवी बाईच्या आवाजात विरह रचत होते तेव्हा एक बाई तोच विरह स्वतःच्या आवाजात गात होती, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

कोण लक्षात राहिलं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. कविगानातलं कोणाचं नाव भारतभर माहीत आहे? अँटनी फिरंगी यांचं. पोर्तुगीज वंशाचा, चंद्रनगरजवळ राहणारा माणूस बंगाली शिकला, काळीची गाणी गायला लागला, भल्याभल्या कवियालांशी भिडला. १९६७ साली त्याच्यावर ‘अँटनी फिरंगी’ हा चित्रपट आला. उत्तमकुमार नायक आणि आपल्या समर्थांच्या घरातल्या तनुजा नायिका. २०१४ च्या ‘जातिश्वर’नेही त्याची गोष्ट पुन्हा सांगितली. गोष्ट आहेच तशी. पण हा अँटनी सुरुवातीला गायचा ती गाणी कोण बांधायचं? गोरक्षनाथ नावाचा बांधनदार. पुढे अँटनी स्वतः रचायला लागले हे खरं, पण गोरक्षनाथांवर कोणी चित्रपट काढला नाही.

राम बसूंचंही तसंच होण्याची शक्यता होती. त्यांची गाणी लिहून ठेवायची पद्धत नव्हती. एका रात्रीसाठी रचलेलं गाणं दुसऱ्या रात्री लोकांच्या आठवणीत उरलं तर उरलं. ते वाचलं एका माणसामुळे. कवी आणि संपादक ईश्वरचंद्र गुप्त (१८१२–१८५९) ‘संवाद प्रभाकर’ चालवत. १८३१ मध्ये साप्ताहिक म्हणून निघालेलं हे पत्र १८३९ मध्ये बंगालीतलं पहिलं दैनिक झालं. ईश्वर गुप्तांनी स्वतः तरुणपणी कवीच्या दलांसाठी गाणी बांधली होती. बांधनदाराचं काम काय असतं हे त्यांना आतून माहीत होतं. १८५० च्या दशकात त्यांनी म्हाताऱ्या गायकांना, दोहारांना, रसिकांना गाठून जुन्या कवियालांची चरित्रं आणि गाणी गोळा केली आणि आपल्या पत्रात छापली. राम बसूंना जाऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. आणखी पंचवीस वर्षं गेली असती तर सांगणारं कोणी उरलं नसतं. आपल्याकडे शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी अ‍ॅक्वर्थ यांच्यासह १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह काढला आणि शाहिरांची कवनं छापील पानावर आणली, त्याच जातीचं हे काम.

तरी गोंधळ राहिलाच. एकच गाणं एका संग्रहात एकाच्या नावावर, दुसऱ्यात दुसऱ्याच्या. जिथे रचणारा एक आणि गाणारे चार, तिथे हे व्हायचंच. इथे आपल्या शाहिरांची एक सवय आठवा. कवनाच्या शेवटी स्वतःचं नाव गुंफायचं. त्यातही होनाजी आणि बाळा ही जोडी पाहा. होनाजी रचायचे, बाळा करंजकर गायचे. कवनात नाव आलं ते ‘होनाजी बाळा’ असं जोडीने. लिहिणारा आणि गाणारा, दोघांनाही एकाच मुद्रेत जागा. म्हणून आज आपण एकाचं नाव घेताना दुसऱ्याचं आपोआप घेतो. भवानी बेने आणि राम बसू अशी जोड-मुद्रा बंगालात झाली असती, तर पुढच्या संग्राहकांची निम्मी डोकेदुखी वाचली असती.

टीका आणि तिचं उत्तर

कविगानावर सर्वांत वजनदार टीका रवींद्रनाथांनी केली. १८९५ च्या सुमारास लिहिलेल्या त्यांच्या निबंधाचा आशय असा की, जुन्या दरबारी काव्याचे रसिक राजे गेले आणि त्यांची जागा अडाणी, घाईत असलेल्या गर्दीने घेतली. तिला झटपट रंजन हवं होतं, आणि कविगान ते पुरवत होतं. म्हणून ते अल्पजीवी ठरलं. यात तथ्य नाही असं कोणी म्हणणार नाही. खेउड ऐकायला जमणारी गर्दी काही काव्यशास्त्राच्या चर्चेसाठी येत नव्हती.

पण एक गोष्ट या टीकेतून निसटते. गर्दीसाठी रचणाऱ्या माणसाला गर्दीतल्या माणसाचं दुःख दिसतं. दरबारासाठी रचणाऱ्याने सुनेचं न बोललेलं वाक्य कशाला उचललं असतं? राम बसूंना ते दिसलं, कारण ते ऐकणारे लोक तशाच घरांतून आलेले होते.

अल्पजीवी म्हणावं तर तेही पूर्ण खरं ठरलं नाही. शहरात कविगान मागे पडलं. इंग्रजी शिकलेल्या वर्गाला ते गावंढळ वाटू लागलं. पांचाली आली, यात्रा नव्या रूपात आली, १८७२ मध्ये नॅशनल थिएटरने तिकीट लावून नाटकं सुरू केली. पण खेड्यांत ते चालू राहिलं. विसाव्या शतकात चितगावचे रमेश शील (१८७७–१९६७) यांनी त्याच सवाल-जवाबात दुष्काळ, जमीनदारी आणि युद्ध हे विषय आणले. राधा-कृष्णाच्या जागी शेतकरी आणि सावकार समोरासमोर उभे केले. इकडे त्याच काळात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक तमाशाच्या साच्यात तेच करत होतं. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड आठवा. गावी राहिलेली बाई आणि मुंबईत आलेला पुरुष, म्हणजे पुन्हा तोच विरह. शब्द अण्णाभाऊंचे, आणि महाराष्ट्रभर पोचवणारा आवाज अमर शेखांचा. इथे मात्र आपण दोघांचीही नावं घेतो. हे शक्य आहे, एवढंच यातून सांगायचं आहे.

शेवटी एक काम सांगतो. तुमच्या गावात भजनी मंडळ असेल, शाहिरी पथक असेल, दशावतार किंवा नमनाचा चमू असेल, हौशी नाट्यसंस्था असेल. तिथे गायल्या जाणाऱ्या एखाद्या पदाबद्दल विचारा की हे रचलं कोणी. बऱ्याचदा उत्तर येईल, ‘जुनं आहे, आमचे आधीचे मास्तर गायचे.’ तिथे थांबू नका. गायचे की रचायचे, हे विचारा. एखादं म्हातारं माणूस नाव सांगेल. ते नाव, गावाचं नाव आणि जमलं तर साल, वहीत लिहून ठेवा. मोबाइलवर गाणं टाकताना खाली गाणाऱ्याबरोबर रचणाऱ्याचंही नाव टाका. ईश्वर गुप्तांनी याहून वेगळं काही केलं नव्हतं, आणि तेवढ्यामुळे सालकियाच्या एका बांधनदाराबद्दल आपण आज मराठीत बोलू शकलो.